बारावीला ५७ टक्के मिळाल्यावर: प्रवेश कुठे घ्यावा आणि पुढे काय

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीला दहावीला ८६ टक्के होते. बारावी विज्ञानला मात्र ६०० पैकी ३४४, म्हणजे ५७.३३ टक्के मिळाले. सीईटीला, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात ५४ आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटात ७१ पर्सेंटाइल आहेत, तर नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी १९० गुण आहेत. एक नातेवाईक डोनेशन भरून पुण्यात इंजिनिअरिंगला घालायला सांगतात, क्लासवाले एक वर्ष ड्रॉप घ्यायला सांगतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालावे आणि स्थळे बघायला घ्यावीत. एवढ्या गुणांवर चांगले कॉलेज मिळेल का, आणि मिळाले तरी मुलगी तिथे निभावून नेईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे रसायनशास्त्र शिकवते आणि त्यांपैकी १४ वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर होते. ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यानची मुलेच माझ्याकडे सर्वांत जास्त आली, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

सर्वांत आधी ती गुणपत्रिका पुन्हा समोर घ्या आणि शेवटची टक्केवारी हाताने झाका. आपण पाठवलेले विषयवार गुण असे आहेत: इंग्रजी ५८, मराठी ६८, भौतिकशास्त्र ४७, रसायनशास्त्र ५२, गणित ४१ आणि जीवशास्त्र ७८. ही ५७ टक्क्यांची मुलगी नव्हे. ही जीवशास्त्रात चांगली, भाषेत बऱ्यापैकी आणि गणितात कच्ची असलेली मुलगी आहे. पीसीएमची बेरीज १४० होते, म्हणजे ४६.६७ टक्के. पीसीबीची बेरीज १७७ होते, म्हणजे ५९ टक्के. एकाच गुणपत्रिकेतून निघणाऱ्या या दोन आकड्यांमधले अंतर बारा टक्क्यांहून अधिक आहे, आणि पुढचा सगळा निर्णय याच अंतरात दडलेला आहे. घरात महिनाभर फक्त ५७ या आकड्याची चर्चा झाली असेल, तर ज्या गोष्टीवर चर्चा व्हायला हवी होती ती झालेलीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्रता आणि गुणवत्ता यादी यांतला फरक. व्यावसायिक अभ्यासक्रमांना बारावीचे गुण बहुतेक ठिकाणी केवळ उंबरठा म्हणून लागतात. इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गासाठी संबंधित तीन विषयांत मिळून ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के लागतात, बी. फार्मसीलाही हीच अट आहे. नीटमधून होणाऱ्या वैद्यकीय प्रवेशासाठी पीसीबीत ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के लागतात. आपल्या मुलीने हे चारही उंबरठे ओलांडलेले आहेत. इंजिनिअरिंगचा उंबरठा तिने ३०० पैकी केवळ ५ गुणांनी ओलांडला आहे हे खरे, परंतु उंबरठ्याच्या आत आल्यावर तो किती गुणांनी ओलांडला हे कोणी विचारत नाही. तिथून पुढे क्रम लागतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर.

पर्सेंटाइलबाबत पालकांचा फार गोंधळ होतो, म्हणून तेही स्पष्ट करते. ७१ पर्सेंटाइल म्हणजे ७१ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या १०० मुलांपैकी साधारण ७१ मुले तिच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ आहे. बारावीला ५७ टक्के मिळवणारी मुलगी पीसीबी गटात दहांपैकी सात मुलांच्या पुढे आहे, ही गोष्ट तिला स्वतःला कोणी सांगितली आहे का, हे मला ठाऊक नाही. नसेल तर आजच सांगावे.

आता दहावीचे ८६ आणि बारावीचे ५७ यांच्याविषयी. बहुतेक घरांत याचा अर्थ 'मुलगी बिघडली' किंवा 'मोबाईलमुळे झाले' असा लावला जातो. मोबाईलचा वाटा असूही शकतो, पण मी जी शेकडो उदाहरणे पाहिली त्यांत मुख्य कारणे वेगळीच होती. दहावीला सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढतात, आणि प्रत्येक मुख्य विषयात २० गुण शाळेकडून, तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. बारावीला सहाही विषय धरले जातात आणि भौतिक, रसायन व जीवशास्त्रात ७० गुणांची लेखी परीक्षा स्वतःच्या बळावर द्यावी लागते. म्हणजे दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. त्यात ज्या मुलांनी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिक्षण घेतले, त्यांच्यासमोर अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात संपूर्ण विज्ञान इंग्रजीत येऊन उभे राहते. त्यातच अनेक मुले 'इंटिग्रेटेड' नावाच्या व्यवस्थेत जातात, जिथे कॉलेजात नाव असते आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लास असतो. अकरावी पास होण्यापुरती उरकली जाते, आणि सीईटीला सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर येतात तेव्हा ती उणीव उघडी पडते.

याचे एक उदाहरण जवळून सांगते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मंडळाकडून आपल्या रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि ती घेऊन तो माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी ती पानापानाने वाचली. परासरणावरच्या प्रश्नाला त्याने पाठ केलेल्या इंग्रजी व्याख्येचा अर्धा भाग लिहिला होता, मग वाक्य तुटले होते, आणि पुढच्या ओळीत दुसऱ्याच व्याख्येचा शेवट जोडला होता. मी त्याला विचारले, परासरण म्हणजे काय ते मराठीत सांग. त्याने मनुके पाण्यात का फुगतात इथपासून सुरुवात करून अर्धपारगम्य पडद्यापर्यंत सगळे नीट सांगितले. त्या प्रश्नाला त्याला ३ पैकी १ गुण होता. गणिती उदाहरणांत त्याने सूत्र बरोबर लिहिले होते, किमती बरोबर घातल्या होत्या, आणि तीन ठिकाणी एकक लिहायचे राहिले होते. शेवटची दीड पाने कोरी होती, कारण वेळ संपली होती. या मुलाला विषय येत नव्हता असे कोण म्हणेल? त्याला इंग्रजीत चार छोटी, स्वतःची वाक्ये लिहिण्याचा आणि तीन तासांत पेपर पुरा करण्याचा सराव नव्हता. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात आणि शिकता येतात. निकालानंतर छायाप्रत मागवण्याची मुदत थोडी असते. ती अजून उरली असेल तर भौतिकशास्त्र आणि गणिताच्या प्रती जरूर मागवा. गुण वाढवून मिळतील या आशेने मागवू नका, गुण कुठे गेले हे कळावे म्हणून मागवा.

आता आपल्यासमोरच्या तीन सूचनांकडे येते.

डोनेशन भरून इंजिनिअरिंग ही सूचना मी नाकारण्याचा सल्ला देईन, आणि तो केवळ पैशांच्या कारणाने नव्हे. गणितात ४१ आणि पीसीएमला ५४ पर्सेंटाइल असलेल्या मुलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी गणित, मेकॅनिक्स, ग्राफिक्स आणि इलेक्ट्रिकल हे सगळे एकदम भेटते. ज्या मुलांना ही गोडी असते ती ४१ वरूनही सावरतात, मी अशी मुले पाहिली आहेत. परंतु तिला गोडी आहे असे आपल्या पत्रात कुठेही म्हटलेले नाही, ती नातेवाईकांची सूचना आहे. आमच्याकडे बारावीला असलेला एक मुलगा अशाच रीतीने मॅनेजमेंट कोट्यातून एका दूरच्या महाविद्यालयात गेला. पहिल्या वर्षी त्याच्या सहा विषयांत केटी राहिल्या, म्हणजे ते विषय सुटले नाहीत, दुसऱ्या वर्षाला प्रवेश न मिळाल्याने वायडी झाली, म्हणजे वर्ष गेले, आणि घरी हे सांगायचे धाडस नसल्यामुळे आठ महिने तो रोज डबा घेऊन खोलीवरून निघत राहिला. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण ठेवला होता. पुढे त्याने मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि आज तो चांगले काम करतो, पण ती तीन वर्षे त्या घराने कशी काढली ते मी जवळून पाहिले आहे.

पैशांचा मुद्दाही महत्त्वाचा आहेच, कारण तो अनेकांना प्रवेश झाल्यावर कळतो. राज्य शासनाच्या शुल्क सवलती, म्हणजे ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो किंवा २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी असो, या सवलती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला त्या लागू होत नाहीत. म्हणजे डोनेशन भरणारे पालक डोनेशनही भरतात आणि पूर्ण शुल्कही भरतात, आणि त्याच वर्गात बाजूच्या बाकावर बसलेल्या मुलीचे शिक्षण शुल्क माफ असते. प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रांबाहेर जे एजंट उभे असतात, ते ही गोष्ट सांगत नाहीत.

ड्रॉप घेण्याबद्दल माझे मत परिस्थितीनुसार बदलते. नीटला १९० गुण म्हणजे पात्रतेची रेषा ओलांडली आहे, पण एमबीबीएसच्या जागेपर्यंत पोहोचायचे तर गुण दुपटीहून अधिक करावे लागतील. असे कधी होते? मुलाचा अभ्यासक्रम आजारपणामुळे किंवा घरातल्या मोठ्या अडचणीमुळे निम्मा राहिलेला असतो आणि झालेल्या भागातले गुण उत्तम असतात, तेव्हा होते. अभ्यासक्रम दोनदा पूर्ण झालेला आहे, सराव परीक्षा वर्षभर दिल्या आहेत आणि तरी गुण दोनशेच्या आतच राहिले आहेत, अशा वेळी दुसरे वर्ष त्याच क्लासमध्ये, त्याच पद्धतीने घालवल्यावर जे वाढते ते क्वचितच पुरेसे असते. आपण मुलीच्या गेल्या वर्षातल्या सराव परीक्षांचे गुण तारखेनुसार एका कागदावर लिहा. ते सप्टेंबरपासून सतत चढत आले असतील तर ड्रॉपचा विचार करायला आधार आहे. एकाच जागी हलत राहिले असतील तर मी एक वर्ष थांबवणार नाही. नीटच्या याच गुणांवर होमिओपॅथी आणि फिजिओथेरपीच्या जागांचाही विचार होतो. त्यांच्या मागील वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या याद्या पाहून ठेवा, मात्र खासगी महाविद्यालयाचे शुल्क आधी तपासा.

तिसरी सूचना, जवळच्या कॉलेजात बीएस्सी, ही ज्या कारणासाठी केली गेली ते कारण मला मान्य नाही, पण सूचना स्वतः वाईट नाही. बीएस्सीला आपल्याकडे उरलेल्यांची जागा समजतात आणि हा मोठाच गैरसमज आहे. लोटे परशुराम, कुरकुंभ, तारापूर इथल्या रसायन आणि औषध कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत जाऊन पाहा. एचपीएलसीसारख्या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, उपकरणांवर काम करणाऱ्यांत बीएस्सी आणि एमएस्सी झालेली मुलेमुली सर्रास दिसतात. माझी एक विद्यार्थिनी बारावीला ५४ टक्क्यांवर होती. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी ती प्रयोगशाळेत सर्वांत शेवटी बाहेर पडायची, कारण ब्युरेटचे वाचन तीनदा सारखे येईपर्यंत तिचे समाधान व्हायचे नाही. पदवीला तिला ७१ टक्के मिळाले, नंतर तिने विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एमएस्सी केले, आणि आज लोट्याला ती एका प्रयोगशाळेत नव्या मुलांना उपकरण शिकवते. तिची निवड झाली तेव्हा मुलाखतीत अर्धा तास फक्त टायट्रेशन आणि त्यातल्या चुका यांवरच प्रश्न विचारले होते, असे तिने मला सांगितले.

आता माझा सल्ला. जीवशास्त्रात ७८ आणि पीसीबीला ७१ पर्सेंटाइल असताना पहिला विचार बी. फार्मसीचा व्हावा. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयासारख्या ठिकाणी एवढ्या पर्सेंटाइलवर जागा मिळणे अवघड आहे, ते मनातून काढून टाका. खासगी महाविद्यालयांत मात्र जागा मिळते. गेल्या काही वर्षांत राज्यात फार्मसीची इतकी नवी महाविद्यालये निघाली की अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात. म्हणूनच प्रश्न जागा मिळण्याचा नाही, कोणती घ्यावी याचा आहे. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ महाविद्यालयनिहाय आणि प्रवर्गनिहाय असतात. ते उघडून ६० ते ८० पर्सेंटाइलच्या पट्ट्यातली, आपल्या घरापासून जाण्यायेण्याच्या किंवा वसतिगृहाच्या सोयीतली महाविद्यालये काढा, त्यांना भारतीय औषधनिर्माण परिषदेची मान्यता आहे का पाहा, शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क पाहा, आणि मग त्यांतल्या तीन-चार ठिकाणी स्वतः मुलीला घेऊन जा.

गेल्यावर कार्यालयात बसून माहितीपुस्तक घेऊ नका, प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. एका पालकांसोबत मी अशीच एका महाविद्यालयात गेले होते. प्रयोगशाळा प्रशस्त होती, फरशी चकचकीत होती, आणि रासायनिक तराजूंवरचे कारखान्यातून आलेले प्लास्टिक अजून निघालेले नव्हते. अभिकर्मकांच्या बाटल्या एका रेषेत भरलेल्या, एकीचेही बूच उघडलेले दिसत नव्हते. त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या, जुन्या आणि काहीशा कळकट इमारतीत गेलो. तिथल्या ओट्यावर आम्लाचे डाग होते, फळ्यावर सकाळच्या तुकडीची निरीक्षणे तशीच होती आणि एक शिक्षिका दोन मुलींच्या वह्या तपासत उभी होती. त्या पालकांनी मुलीला दुसऱ्या ठिकाणी घातले. तसेच, दुपारच्या सुटीत फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला आणि दोनच गोष्टी विचारा: तास नियमित होतात का, आणि मागच्या वर्षीच्या मुलांपैकी तुम्हाला माहीत असलेली पाच मुले आज काय करतात. या दोन प्रश्नांची उत्तरे मला कोणत्याही मानांकनापेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

बी. फार्मसी तिला नको वाटली तर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन चांगल्या, जुन्या महाविद्यालयात बीएस्सी हा दुसरा मार्ग आहे. डी. फार्मसी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे; त्याला बारावी विज्ञान उत्तीर्ण असणे पुरते आणि नंतर बी. फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मात्र सरळ बी. फार्मसी मिळत असताना हा वळसा घेण्याचे कारण मला दिसत नाही. बीएस्सी नर्सिंगचा विचार तिला स्वतःला रुग्णसेवेची ओढ असेल तरच करावा. लवकर नोकरी मिळते म्हणून पाठवलेल्या मुली तिथे रमत नाहीत.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग: ती निभावून नेईल का? माझ्या अनुभवात याचे उत्तर बारावीच्या गुणांत नसते. ते पहिल्या वर्षाच्या पहिल्या दोन सत्रांत असते, आणि हे मी जेवढ्या ठामपणे सांगू शकेन तेवढ्या ठामपणे सांगते. बारावीनंतर मुले आणि पालक दोघेही दमलेले असतात. प्रवेश झाला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पहिले वर्ष 'जरा आरामाचे' जाते. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याची, सोय असल्यामुळे वर्ष अडत नाही, म्हणून कोणाला त्याची धास्ती वाटत नाही. दुसऱ्या सत्रात नवे विषय येतात आणि जुने दोन डोक्यावर असतात. तिसऱ्या सत्रापर्यंत तो मुलगा किंवा ती मुलगी वर्गात मागे बसू लागते, प्राध्यापकांसमोर यायचे टाळते, आणि ज्या चुकीच्या समजुतीने ती आली होती, की आपण मुळातच साधारण आहोत, ती समजूत पक्की होते. याउलट सरासरी गुण घेऊन आलेल्या ज्या मुलांनी पहिल्या सत्रातले सगळे विषय एका फटक्यात काढले, त्यांच्यातली बहुतेक पुढे चांगली निघाली. एकदा ६५ टक्के पाहिलेले मूल स्वतःकडे ५७ टक्क्यांचे म्हणून पाहत नाही.

यामागे व्यवहाराची कारणेही आहेत. बी. एड.ला पदवीला ५० टक्के लागतात, एमबीएलाही ५०. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. म्हणजे बारावीचे गुण मागे पडले तरी पदवीच्या गुणांचे नवे उंबरठे पुढे येतात, आणि ते पहिल्या सत्रापासूनच्या गुणांनी बनतात. कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या अनेक कंपन्या, विशेषतः आयटी क्षेत्रातल्या, दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी ६० टक्क्यांची अट घालतात आणि एकही विषय राहिलेला चालत नाही. आपल्या मुलीला ही अट बारावीला २.६७ टक्क्यांनी अडवते. तिला संगणक क्षेत्रात जायचे असते तर मी तिला मंडळाच्या गुणसुधार योजनेतून पुन्हा परीक्षेला बसायला सांगितले असते, कारण कमी पडलेले गुण अवघे १६ आहेत. औषधनिर्माण किंवा विज्ञान शाखेकडे जात असेल तर तेवढ्यासाठी वेळ घालवण्याची गरज नाही. आणि राज्यसेवा, केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा किंवा बँकांच्या बहुतेक परीक्षा, यांना पदवी लागते, तिच्यात अमुक टक्के असावेत अशी अट नसते.

पहिल्या सत्रात नेमके काय करायचे, तर माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच सवय लावते. रोज संध्याकाळी त्या दिवशी शिकवलेल्यांपैकी एक गोष्ट आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत, चार ओळींत लिहायची. नंतर त्याच चार ओळी साध्या इंग्रजी वाक्यांत लिहायच्या, पुस्तकातले एकही वाक्य न उचलता. पहिल्या महिन्यात इंग्रजी चुकते, ते चुकू द्यावे. दिवाळीपर्यंत हात वळतो. ज्याच्या उत्तरपत्रिकेबद्दल मी वर लिहिले, त्या मुलाने हे पाच महिने केले. आणि तास बुडवायचे नाहीत. ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे म्हणून नव्हे. सरासरी विद्यार्थ्याला घरी बसून पुस्तकावरून विषय उलगडणे जड जाते आणि वर्गात तो अर्धा उलगडलेला मिळतो, म्हणून.

महाविद्यालय निवडताना आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा असे मला वाटते. मोठ्या नावाच्या महाविद्यालयात कसाबसा शेवटच्या क्रमांकावर मिळालेला प्रवेश अनेकदा मुलाला दबवून टाकतो. जिथे आपली मुलगी वर्गाच्या वरच्या तिसऱ्या भागात असेल, जिथे शिक्षक तिला नावाने ओळखतील आणि एखादा प्रयोग चुकला तर पुन्हा करू देतील, तिथे ती जास्त वाढते. घरची ओढाताण असेल तर 'कमवा व शिका' योजना असलेले महाविद्यालय पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय याच तत्त्वावर उभे केले. आपल्या जिल्ह्यातच ही परंपरा आहे. या योजनेत दिवसाचे दोन-तीन तास ग्रंथालयात, कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत काम करणारी मुले मला नेहमी वेळेच्या बाबतीत इतरांपेक्षा शिस्तीची वाटली आहेत.

तातडीची कामे कागदपत्रांची आहेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि आपला प्रवर्ग जो असेल त्यानुसार नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, यांसाठी सेतू कार्यालयात आजच अर्ज द्या; लागू असल्यास जात वैधतेचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्या. दरवर्षी चांगले पर्सेंटाइल असलेली काही मुले केवळ एका दाखल्याअभावी आपल्या प्रवर्गातून बाहेर पडतात आणि खुल्या प्रवर्गात मोजली जातात. कॅपचा पर्याय अर्ज भरताना महाविद्यालयांचा क्रम 'कुठे मिळेल' असा लावू नका, 'कुठे हवे' असा लावा. मिळण्याचा हिशेब यंत्रणा स्वतः करते, आणि वर हव्या असलेल्या दोन अवघड जागा लिहिल्याने खालच्या जागेची संधी कमी होत नाही. मात्र खाली नक्की मिळतील अशी तीन-चार नावेही असू द्या.

तो अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि नातेवाईक, क्लासवाले यांच्यापैकी कोणीही नसताना मुलीला विचारा की जीवशास्त्रातले ७८ कसे आले, त्यात तिला काय आवडले. आपल्या पत्रात सगळ्यांची मते आहेत, तिचे मत एका ओळीतही नाही. ती जे सांगेल ते बी. फार्मसी असेल, सूक्ष्मजीवशास्त्र असेल किंवा मी इथे उल्लेखही न केलेले काही असेल. त्या दिशेने पुन्हा कटऑफ काढता येतात, मला पुन्हा लिहिलेत तर मीही मदत करीन. आणि अर्जाचे लॉगिन सायबर कॅफेवाल्याच्या किंवा मामांच्या मोबाईलवर न ठेवता तिच्या हातात द्या, म्हणजे कोणत्या महाविद्यालयाचे नाव कितव्या क्रमांकावर आहे हे तिला स्वतःला माहीत असेल.